मिरेयचं भांडं कुणी आणलं?

१

नाक पुसायला रुमाल काढावा म्हणून यूगेटने कोटाच्या खिशात हात घातला, आणि हाताला लागली ती मोटारीची किल्ली.

जेवणं नुकतीच आटोपली होती. डोंगरावरच्या त्या लाकडी घरात शेगडी धडधडत होती, खिडक्यांच्या काचा वाफेने आंधळ्या झाल्या होत्या आणि मेपलच्या साखरेच्या टार्टचा उरलेला तुकडा कुणी संपवायचा यावरून आग्रह चालला होता. यूगेट मात्र तळहातावरच्या किल्लीकडे बघत राहिली. मोटार तिच्या धाकट्या बहिणीची, मिरेयची. सकाळी यूगेटने चालवत आणली आणि सवयीने किल्ली स्वतःच्याच खिशात टाकली.

आणि मिरेय तर घरी गेली होती. डोकं दुखतंय म्हणून फाट्यावरूनच माघारी फिरली, असं जेवायला बसताना यूगेटला दोघातिघांनी सांगितलं होतं. तिनेही मनावर घेतलं नव्हतं. मिरेयला अर्धशिशीचा जुना त्रास.

"मिरेय गेली कशातून?" यूगेटने विचारलं.

आवाज मोठा नव्हता, पण गलका एकदम बसला.

"कशातून म्हणजे?" क्लेमां म्हणाला. शाळेत भूगोल शिकवणारा हा उंच माणूस हल्ली क्लबच्या सगळ्या फेऱ्यांना पुढे असायचा.

"किल्ली माझ्याकडे आहे. खाली रस्त्यावर आपल्या मोटारींखेरीज चिटपाखरू नाही. या थंडीत बंद मोटारीपाशी ती उभी राहील का? किल्ली मागायला आधी इथे वर आली असती."

दाराबाहेरचा पारा उणे वीसच्याही खाली होता. आभाळ सकाळपासून निळंशार, ढगाचा ठिपका नाही. अशा दिवशी थंडी हाडात शिरते. सूर्य तर आताच पलीकडच्या सुरूच्या शेंड्यांना टेकायला आला होता.

"तिला परत फिरताना पाहिलं कुणी?"

"मी पाहिलं," शेगडीपाशी भांडी आवरत असलेली गिलेन म्हणाली. "फाट्यावरून खालच्या वाटेला लागली. ह्या माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

फाट्याला तीन वाटा फुटतात. एक वर या घराकडे, एक जवळची वाट खाली मोटारींकडे, आणि तिसरी लूत्र तळ्याकडे. तळ्याकडे यंदा कुणीच जायचं नाही असं क्लेमांने सकाळीच बजावलं होतं: बर्फाच्या ओझ्याने तळ्यावरचा थर दबलाय, पाणी वर आलंय, वरून पांढरं दिसतं, पण खाली चिखल. राहता राहिली खालची वाट, आणि तिच्या कडेने जाणारी खोल घळ.

"घळीत पडली असेल," कुणीतरी पुटपुटलं.

क्लेमां उठलाच. इथे फोनला रेंज नव्हती, म्हणून एकाला रस्त्यावर जाऊन मदत बोलवायला पाठवलं. बाकीच्यांनी कोट चढवले, बाहेर बर्फात खोचून ठेवलेल्या, बर्फावर चालायच्या जाळ्या उपटल्या आणि पायांना बांधायला घेतल्या. यूगेट हातमोजे घ्यायला टेबलाकडे वळली आणि तिथेच थिजली.

टेबलाच्या मधोमध मातीचं तपकिरी भांडं होतं. निळी कड, एका बाजूला टवका उडालेला. त्यांच्या आईचं भांडं. दर फेरीला मिरेय त्यातच तूर्तिएर आणायची, मांस भरलेली, जाड पापुद्र्याची. टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या पाठीवर. दुसऱ्या कुणाला ती भांड्याला हात लावू द्यायची नाही.

भांडं चाटूनपुसून रिकामं झालं होतं. यूगेटने स्वतः दोनदा वाढून घेतलं होतं.

मिरेय या घरात पाऊल न टाकता फाट्यावरून परतली असेल, तर तिचं भांडं टेबलावर आलं कसं?

२

"क्लेमां, तू पुढे हो," यूगेट दारात जाऊन म्हणाली. "पण मिरेयच्या आसपास चालणारी तीन माणसं मला इथे हवीत."

क्लेमांने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. प्रांताच्या पोलिसात यूगेटची उभी हयात माणसांसमोर बसून त्यांना बोलतं करण्यात गेली होती. निवृत्त होऊन तिने या क्लबात नाव घातलं. 'पिये-ब्लाँ', पांढरे पाय, असं त्याचं नाव. पण अपशकुनाचं त्यात काही नव्हतं. हिवाळ्यात दर शनिवारी लाकडी चौकटीच्या, चामडी वादीने विणलेल्या जाळ्या पायांना बांधायच्या, बर्फ तुडवत डोंगर चढायचा, आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार करायची गरज नसलेली, तिच्या आयुष्यातली ही एकच जागा होती.

आता तिला याच जागेत बसून विचार करायचा होता. मन ओरडत होतं, बाहेर धाव, घळीत उतर, हाका मार. पण धंद्यात मुरलेलं डोकं सांगत होतं: इतक्या मोठ्या डोंगरात मिरेय कुठे आहे ते या खोलीतल्या कुणालातरी ठाऊक आहे. पाय धावतील त्याहून इथून लवकर कळेल.

मागे उरले तिघे. क्लबचा अध्यक्ष फेर्नां, पंचाहत्तरीला टेकलेला, रुबाबदार, गोष्टीवेल्हाळ. लोकरी सपाता घालून शेगडीला पाय लावून बसला होता. त्याची बायको गिलेन. आणि रोझेर, पियानोचे सूर लावणारा अबोल विधुर, जो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

यूगेटने रोझेरपासून सुरुवात केली, कारण जेवताना एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती.

"तू तूर्तिएर घेतली नाहीस."

"नाही."

"दरवेळी तीनदा मागून घेतोस."

रोझेर वळला. "सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट माझ्या तोंडून कशाला वदवतेस? गेल्या शनिवारी मी तिला लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. आज तिच्या हातचं घशाखाली उतरलं नसतं, एवढंच."

"रांगेत तिच्या पुढे कोण होतं?"

"सर्वांत मागे ती, नेहमीसारखी. तिच्या पुढे फेर्नां. मग मी."

"मग फाट्यावर काय झालं?"

"मी पाहिलं नाही."

"रोझेर!"

"पाहिलं नाही म्हणतोय ना!" त्याचा आवाज फाटला. "वळूनच पाहिलं नाही मी. रागात होतो. फाटा ओलांडल्यावर तिने मला हाक मारली. दोनदा. 'रोझेर, थांब जरा! रोझेर!' मला वाटलं, समजूत घालायला बोलावतेय. तिची कीव मला नको होती. मी पावलं उचलली आणि तडक इथे आलो. तेवढाच माझा गुन्हा, आणि तो लहान नाही, कळतंय मला."

डोकं दुखतंय म्हणून घरी निघालेली बाई अशी ओरडून दोनदा हाक मारत नाही. मिरेयला मदत हवी होती.

"तू आलास तेव्हा हातात काय होतं?"

"माझ्या चीजची पिशवी. क्लेमांने घेतली माझ्याकडून, विचार त्याला."

"आणि तुझ्यामागून कोण आलं?"

रोझेरने मान वळवून शेगडीकडे पाहिलं. "फेर्नां. बऱ्याच वेळाने."

३

फेर्नांने यूगेटला बसायला स्टूल सरकवलं. संकटातही त्याची रीतभात सुटत नसे.

"ये, बस. फार वाईट झालं बघ. डोकं ठणकत होतं बिचारीचं."

"तुला तिने सांगितलं?"

"सांगितलं म्हणजे? माझ्यासमोर उभी होती की! तो हिरवा गळपट्टा डोक्याभोवती घट्ट आवळलेला. भुरभुर बर्फ पडत होतं, तिच्या पापण्यांवर बसत होतं. म्हणाली, 'फेर्नां, मी जाते घरी, यूगेटला सांग.' मी म्हटलं, जा बाई, गरम पाणी पी आणि झोप." त्याचा चेहरा लहान मुलासारखा निर्मळ होता. "मी सांगितलं ना तुला?"

"नाही, फेर्नां. मला तू नाही सांगितलंस."

"नाही? मग गिलेनला सांगितलं असेल."

यूगेटने आयुष्यात खोटं बोलणारी शेकडो माणसं पाहिली होती. खोटं बोलणारा एवढा बारीक तपशील देत नाही, आणि दिलाच तर तो देताना समोरच्याचं तोंड न्याहाळतो. फेर्नां शेगडीतल्या निखाऱ्याकडे बघत होता. तो खरं बोलत होता. आणि तरी त्याच्या बोलण्यात काहीतरी कुसळासारखं टोचत होतं. काय ते तिला सापडेना. बाहेर उजेड पिवळा पडत चालला होता.

"आणि तिचं भांडं?"

"कसलं भांडं?"

"तूर्तिएरचं. सगळ्यांत शेवटी तूच आलास. भांडं तुझ्याकडे दिलं का तिने?"

फेर्नांच्या कपाळावर आठी पडली. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, ते उलटेसुलटे केले, जणू उत्तर तिथे लिहिलं असावं. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"पुरे झालं!" गिलेन पातेलं आदळून पुढे आली. "म्हाताऱ्या माणसाला चौकशीला बसवतेस? लाज नाही वाटत? भांडं मी आणलं. फाट्यावर तिने माझ्या हातात दिलं. झालं समाधान?"

४

यूगेट उठली. गिलेन तिच्याहून बुटकी. पण हनुवटी वर करून, ओले हात अ‍ॅप्रनला पुसत उभी राहिली.

"फाट्यावर तू होतीस?"

"होते."

"मिरेय सगळ्यांच्या मागे होती. म्हणजे तूही मागेच होतीस."

"हो म्हणतेय ना."

"गिलेन, तुझं वाटाण्याचं सूप सकाळी दगडासारखं गोठलेलं होतं. मीच ते तुझ्या घसरगाडीवर चढवलं, हाताला चटका बसला होता गारठ्याचा. मी मधल्या लोकांबरोबर आले तेव्हा ते शेगडीवर रटरटत होतं आणि तू मीठ चाखत होतीस. एवढं मोठं पातेलं वितळून उकळायला किती वेळ लागतो हे तुला मी सांगायला नको. तू क्लेमांच्या पाठोपाठ, सगळ्यांत आधी आलीस. मिरेय फाट्याला पोहोचली तेव्हा तू इथे चूल पेटवत होतीस."

गिलेन एक पाऊल मागे सरली.

"तू काही पाहिलं नाहीस. तुझ्या हातात कुणी काही दिलं नाही. आणि तुझ्या या 'डोळ्यांनी पाहिलं'वर भरवसा ठेवून ती सगळी माणसं आत्ता घळीत उतरतायत."

"मला वाटलं..."

"कुणासाठी बोललीस ते सांग. रोझेरसाठी तू जीभही हलवणार नाहीस. स्वतःसाठी खोटं बोलायचा तुझा स्वभाव नाही."

खोलीत चौथं माणूस एकच होतं. ते शेगडीपाशी बसून हलकेच गुणगुणत होतं. आणि नेमक्या त्याच क्षणी यूगेटला कुसळ सापडलं.

"भुरभुर बर्फ," ती म्हणाली.

"काय?" रोझेरने विचारलं.

"आज बर्फ पडलंच नाही, रोझेर. एक कणसुद्धा नाही. आणि तो हिरवा गळपट्टा! तो गेल्या हिवाळ्यात याच शेगडीवर वाळत घातला होता आणि जळून कोळसा झाला. आपण सगळे हसलो होतो. त्याच्या आधी एकदा मिरेय खरंच डोकं धरून घरी गेली होती, बर्फ पडत असताना. फेर्नां खोटं बोलत नाहीये. तो आपल्याला दुसराच दिवस सांगतोय."

गिलेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

५

ती रडू लागली असती तर यूगेटला राग आवरता आला नसता. पण गिलेन रडली नाही. ती खालच्या आवाजात, भराभर बोलत सुटली, बांध फुटावा तशी.

"दोन वर्षं झाली. आधी नावं विसरायचा. मग रस्ते. मी म्हणायचे त्याचा गुडघा दुखतो, म्हणून आता क्लेमां पुढे चालेल. मुलगी म्हणते वृद्धाश्रमात ठेव. म्हणते, आई, पुन्हा एकदा जरी हरवला तरी मी ऐकणार नाही. या शनिवारांसाठी जगतो गं तो! तुम्ही सगळे त्याला अध्यक्ष म्हणता, त्याच्या गोष्टींना हसता. घरी तर तो मला 'ताई' म्हणून हाक मारतो."

"आज तो आला तेव्हा?"

"उशिरा आला. मी विचारलं, मिरेय कुठेय? म्हणाला, घरी गेली, डोकं दुखतंय. मी खरं मानलं, देवाशप्पथ! फक्त तुम्ही कुणी त्याचं खरं मानाल की नाही याची धास्ती, म्हणून म्हटलं मी पाहिलं. भांड्याकडे माझं लक्षच गेलं नाही. किल्ली निघाली तेव्हा..."

"तेव्हा कळलं तुला."

"हो."

"आणि तेव्हापासून गप्प आहेस."

"दर क्षणी वाटत होतं, आता दार उघडेल आणि ती आत येईल," गिलेन म्हणाली. "दर क्षणी."

यूगेटने मुठी आवळल्या. ओरडायला वेळ नव्हता. ती फेर्नांसमोर गुडघ्यांवर बसली, त्याचे हात हातात घेतले. "फेर्नां, आज मिरेय कुठे राहिली? झाडं होती का भोवती? उतार होता का? आठव रे! माझ्यासाठी आठव."

तो मनापासून प्रयत्न करत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. "पांढरं होतं," तो शेवटी म्हणाला. "सगळं पांढरं." मग डोळ्यांत पाणी आणून, "माझं काही चुकलं का?"

ज्याला ठाऊक होतं त्यालाच ठाऊक नव्हतं. एवढा मोठा डोंगर, आणि सूर्य आता झाडांच्या मागे.

शांततेत एक आवाज येत होता. टप. टप. मघापासून येत असावा. लाकडाच्या ढिगामागून. यूगेट तशीच गुडघ्यांवर सरकत तिथे गेली आणि दोन ओंडके बाजूला सारले.

मागे जाळ्यांची जोडी लपवलेली होती.

रोझेर धसकून पुढे आला. क्लबात एक नियम लहान पोरालाही माहीत होता: जाळ्या कधी आत आणायच्या नाहीत. ऊब लागली की वादी सैल पडते आणि जाळी निकामी होते. जाळ्या बाहेर, बर्फात उभ्या. या जाळ्यांवर फेर्नांची आद्याक्षरं कोरलेली होती, आणि त्यांच्या वादीतून पाणी ठिबकत होतं. विणीत अजून बोटभर जाडीचे बर्फाचे काचेसारखे गोळे अडकलेले होते.

"आज बाहेर कुठेच काही ओलं नाही," यूगेट म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पिठासारखं कोरडं बर्फ आहे सगळीकडे. माझ्या जाळ्या झटकल्या की स्वच्छ. मग या पाण्यात बुडाल्या कुठे?"

रोझेर दाराबाहेर पडला होता.

"तळं!" गिलेन किंचाळली. "मी बर्फ पाहिलं त्यांच्यावर. तो तळ्यावर गेला होता हे कुणाला कळू नये म्हणून लपवल्या. मिरेय त्याच्याबरोबर होती हे मला खरंच..."

"पातेलं घे," यूगेट कोट चढवत म्हणाली, "फेर्नांला घेऊन बाहेर उभी राहा आणि झाऱ्याने बडवत राहा. क्लेमांची माणसं परतेपर्यंत थांबायचं नाही. आली की तळ्याकडे पिटाळ. कळलं? हात तुटले तरी थांबायचं नाही."

६

उतारावर यूगेट दोनदा पडली. फाट्यावर वाऱ्याने सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या. तळ्याची वाट अशी गुळगुळीत, जणू इथे जन्मात कुणी फिरकलं नव्हतं. झाडं संपली आणि पांढरं सुरू झालं. फेर्नांने सांगितलं होतं तसंच. सगळं पांढरं.

"मिरेय!"

वर, डोंगरावरून, पातेल्याचा ठणठण आवाज येत होता. खाली काहीच उत्तर नाही.

रोझेर काठीने टोचत टोचत काठाकाठाने पुढे सरकत होता. ओहोळ जिथे तळ्याला मिळतो तिथे तो थांबला. बर्फाचा पापुद्रा फुटलेला होता, आणि फुटक्या जागी करडं, नव्याने गोठलेलं पाणी. त्याच्यापासून काठापर्यंत काहीतरी फरफटत गेल्याची खूण.

ती देवदाराच्या खाली लवलेल्या फांद्यांत होती, खोडाला पाठ लावून. उजवा पाय गुडघ्यापर्यंत बर्फाच्या नळकांड्यात अडकल्यासारखा, आणि घोट्यापाशी नको त्या दिशेला वळलेला. हातात मोजे नव्हते. हात काखेत खुपसलेले. पापण्या चिकटल्या होत्या.

रोझेरने कोटाची बटणं तोडली आणि तिला आत ओढून घेतलं. यूगेटने तिच्या चेहऱ्यावर श्वास सोडला, पुन्हा सोडला, पापण्यांवर ओठ टेकले. ती किती वेळ तशी होती कुणास ठाऊक. "मिरेय, मी आले. बाळा, मी आले." लहानपणी आई गेल्यानंतर ती तिला असंच म्हणायची, त्यानंतर आजच.

एक पापणी उघडली.

"वेळ... लावलास," मिरेय म्हणाली. शब्द जिभेवर गोठत होते. "फेर्नां?"

"सुखरूप आहे. बोलू नकोस."

पण मिरेयला बोलायचं होतं. तुटक तुटक तिने सांगितलं. फाट्यावर फेर्नां वाट सोडून तळ्याकडे चालू लागला, हाकेला थांबेना. तिने रोझेरला हाक मारली, मग एकटीच धावली. तो घोटाभर चिखलात रुतला होता. त्याला ढकलून बाहेर काढताना तिचा पाय ओहोळातल्या दगडांत अडकला आणि मोडला. त्याचे हातमोजे भिजले होते म्हणून तिने आपले दिले. त्याचं तोंड घराच्या दिशेने वळवून दिलं. तेवढी वाट त्याच्या पायांना पाठ होती.

"निरोप सांगून उपयोग नव्हता... दहा पावलांत विसरला असता." ती थांबली, दम घेतला. "म्हणून भांडं दिलं. म्हटलं, हे टेबलावर ठेव. म्हटलं, आईचं भांडं आणि मी नाही... यूगेट लगेच ओळखेल." तिच्या काळ्यानिळ्या ओठांवर हसू आणायचा प्रयत्न झाला. "पोहोचलं ना भांडं?"

यूगेटने तिला घट्ट धरलं. भांडं पोहोचलं होतं. वेळेवर पोहोचलं होतं. तिने त्यातून दोनदा वाढून घेतलं होतं आणि पापुद्रा छान झालाय असं शेजारणीला म्हटलं होतं.

"पोहोचलं," ती म्हणाली.

वरचा ठणठणाट थांबला. मग उतारावरून माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या.

७

मिरेय वाचली. उजव्या पायाचा पुढचा भाग गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. पुन्हा जाळ्या बांधता येतील का, यावर डॉक्टर नुसते हसले आणि दुसऱ्या विषयावर बोलले. रोझेर रोज इस्पितळात येत होता, खाटेच्या पायथ्याशी बसत होता आणि लग्नाबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात गिलेन आली. दारातच उभी राहिली, कोट अंगावरच. तोंड एवढंसं झालेलं.

"आत ये," मिरेय म्हणाली.

"आत बोलावू नकोस तिला," यूगेट म्हणाली. "मी सांगून ठेवते, मला ते जमणार नाही."

"मग तू बाहेर जा," मिरेय शांतपणे म्हणाली. "पाय माझा गेलाय, यूगेट. तिच्याशी काय बोलायचं ते मला ठरवू दे."

यूगेट बाहेर आली. दार मागे लोटलं गेलं. आत गिलेनचं ते आजवर दाबलेलं रडणं फुटलं. यूगेटला ते ऐकवेना. तिला ओरडायचं होतं: मीही तेवढाच वेळ बसून जेवत होते, मला कोण विचारणार? भांडं माझ्यासमोर होतं. हयातभर दुसऱ्यांची तोंडं वाचली, आणि बहिणीने धाडलेला निरोप चमच्याने खाल्ला.

वऱ्हांड्यातल्या बाकावर फेर्नां बसला होता. दाढी केलेली, टाय बांधलेला, टोपी मांडीवर. पुढच्या सोमवारपासून तो आश्रमात राहायला जाणार होता. तिला पाहून तो अर्धवट उठला, जसा कुठल्याही बाईला पाहून उठला असता.

"या, बसा," तो अदबीने म्हणाला. "तुमचं कुणी आहे का इथे?"

तुमचं. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"माझी बहीण आहे," यूगेट उभ्याउभ्याच म्हणाली.

"अरेरे. काय झालं त्यांना?"

"थंडीत अडकली. तळ्यावर. एका माणसाला वाचवायला गेली होती."

फेर्नांने टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दाटून आली.

"आणि तो माणूस?" त्याने विचारलं. "तो वाचला का हो?"

यूगेटने त्याच्याकडे पाहिलं. त्या हातांकडे पाहिलं, त्यांतली दहाही बोटं धडधाकट होती.

"वाचला," ती म्हणाली.

"देव पावला," फेर्नां म्हणाला. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि बाकावर थोडा सरकून तिच्यासाठी जागा केली.

यूगेट त्याच्याशेजारी बसली.